संमतीची चतुःसीमा

माझी मावशी कऱ्हाडच्या दुय्यम निबंधकांच्या कचेरीत एकतीस वर्षे कारकून होती, आणि खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे, मुखत्यारपत्रे असे हजारो दस्तऐवज तिच्या डोळ्यांखालून गेलेले असल्यामुळे, ज्या कागदात मिळकतीची चतुःसीमा लिहिलेली नाही तो कागद अपुरा, ही समजूत तिच्या अंगी अगदी मुरलेली आहे. गेल्या दिवाळीत मुलाने दिलेल्या नव्या फोनवर तिने पंचांगाचे एक ॲप घेतले, आणि फराळाच्या गडबडीत एकामागून एक पुढे येणाऱ्या चौकटींवर ‘सहमत’, ‘परवानगी द्या’ असे दाबत गेली. दुपारी निवांत झाल्यावर चष्मा लावून पाहते तो त्या ॲपला संपर्क यादी वाचण्याची मुभा दिली गेलेली. फोन माझ्यापुढे धरून तिने विचारले, “तिथी आणि राहुकाळ सांगायला ह्याला माझ्या माणसांचे नंबर कशाला लागतात रे?”

मी त्या ॲपचा करारनामा उघडला. मजकूर सगळा इंग्रजीत होता, म्हणून एकेक कलम मी तिला मराठीत सांगत गेलो. फोनमधील माहिती, ‘संपर्कांसह परंतु तेवढ्यापुरतीच मर्यादित न राहता’, सेवा पुरवण्यासाठी, सुधारण्यासाठी व अन्य व्यावसायिक प्रयोजनांसाठी ती कंपनी, तिच्या सहयोगी संस्था आणि भागीदार वापरू शकतील, अशा अर्थाचे वाक्य आले तेव्हा तिने मला थांबवले. “हे तर कुलमुखत्यारपत्र झाले,” ती म्हणाली, “आणि ह्यात चतुःसीमा कुठे आहे?”

संगणकाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काढूनही जी गोष्ट मला नेमकी सांगता येत नव्हती ती तिच्या त्या प्रश्नाने सांगितली. जमिनीचा दस्त करताना पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस आणि उत्तरेस काय, हे लिहिल्यावाचून आपण पुढे जात नाही. मिळकत ओळखता येईल एवढे वर्णन दस्तात असले पाहिजे असा दंडक 1908 च्या नोंदणी अधिनियमातच आहे. आपल्या खाजगी माहितीसंबंधीच्या संमतीलाही अशाच चार हद्दी हव्यात : कोणती माहिती घेणार, कोणत्या कामासाठी घेणार, ती कोणाच्या हाती जाणार आणि किती काळ राहणार. ह्या चारांपैकी एकही बाजू मोकळी असेल तर तेवढ्या बाजूने आपले अंगण रस्त्याला मिळाले असे समजावे. ह्या हद्दी कशा पाहाव्यात आणि जिथे त्या नाहीत तिथे त्या आपल्या हाताने कशा आखाव्यात, एवढेच मला ह्या लेखात सांगायचे आहे.

प्रथम ज्याला ‘टेलिमेट्री’ म्हणतात त्याविषयी, कारण माहितीचा मोठा ओघ चौकटीवरील प्रश्नांतून नव्हे तर ह्या वाटेने जातो. टेलिमेट्री म्हणजे दूरमापन. हवामान खात्याचा फुगा आकाशात सोडला की त्याला बांधलेले यंत्र तापमानाची, आर्द्रतेची, हवेच्या दाबाची मापे बिनतारी लहरींनी खाली धाडीत राहते. सॉफ्टवेअरमध्ये बसवलेली तशीच व्यवस्था आपल्या यंत्रावर काय चालले आहे ह्याची वर्दी बनवणाऱ्याच्या दफ्तरी पोचवते. ह्यात मुळात गैर काही नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. एखादा कार्यक्रम अमुक प्रकारच्या यंत्रावर वारंवार बंद पडत असेल तर ते बनवणाऱ्याला कळल्याशिवाय दोष निघणार कसा? परंतु विचारून घेणे आणि न विचारता घेणे ह्यांत फार अंतर आहे. डेबियन ही मुक्त संगणक-प्रणाली बसवताना, कोणती पॅकेजे अधिक वापरली जातात ह्याची गणना करण्यात भाग घेणार का, असे ती विचारते, आणि आपण काही न करता पुढे गेलो तर उत्तर ‘नाही’ असेच धरले जाते. गूगलच्या ‘गो’ ह्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या चमूने 2023 च्या फेब्रुवारीत अशीच गणना मांडली तेव्हा ती आपोआप चालू राहावी असा बेत होता. वापरणाऱ्यांनी हरकत घेतली, आणि जो स्वतःहून ‘हो’ म्हणेल त्याचीच माहिती पाठवली जाईल असा बदल झाला. सभ्यपणे विचारूनही काम भागते, ह्याची ही दोन उदाहरणे.

उलट बाजूचे उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 10 चे. 29 जुलै 2015 रोजी ही प्रणाली बाहेर आली. पुढच्याच वर्षी, जुलै 2016 मध्ये, फ्रान्सच्या माहितीसंरक्षण आयोगाने, प्रमाणाबाहेर माहिती गोळा होत असल्याबद्दल कंपनीला रीतसर नोटीस दिल्याचे जाहीर केले. आयोगाचा मुद्दा असा होता की माहिती पाठवण्याच्या मूलभूत पातळीवरसुद्धा, कोणती ॲप्स घेतली आणि प्रत्येकात किती वेळ गेला, ह्यांसारख्या नोंदी जातात, आणि प्रणाली चालवण्यास त्यांची गरज नाही. जून 2017 मध्ये आयोगाने ते प्रकरण बंद केले, कारण तोवर त्या पातळीवरील माहितीचे प्रमाण कंपनीने जवळजवळ निम्म्यावर आणले होते. ह्या ‘निम्म्या’वर मला वाचकांचे लक्ष खिळवायचे आहे. माहिती निम्मी झाली तरी प्रणाली चालतच राहिली. अर्थात जी अर्धी सोडली ती मुळात लागतच नव्हती. पुढे 2018 मध्ये नेदरलँड्सच्या न्यायमंत्रालयाने ऑफिस ह्या सॉफ्टवेअरची तपासणी करवली तेव्हा 23,000 ते 25,000 प्रकारच्या घटनांच्या नोंदी पाठवल्या जाऊ शकतात असे निष्पन्न झाले. इतक्या प्रकारांची यादी कोणी वाचकापुढे ठेवली तरी ती वाचून तो राजीखुशीने संमती देईल, हे संभवत नाही.

म्हणून पहिली हद्द, कोणती माहिती, ही वाचून नव्हे तर यंत्रात शिरूनच आखावी लागते. विंडोज 11 वापरणाऱ्यांनी ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि त्याखाली ‘डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक’ उघडावे. तेथे ऐच्छिक माहिती पाठवण्याची कळ असते, ती बंद करावी. आवश्यक म्हणून ठरवलेली माहिती घरगुती आवृत्तीत बंद करता येत नाही, हेही जाणून असावे. त्याच पानावर आजवर साठलेली माहिती पुसण्याचे बटण आहे, आणि पाठवली जाणारी माहिती पाहण्याची सोयही आहे. ती सोय चालू करून तासभर नेहमीचे काम करावे आणि मग नोंदी उघडून पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे. एकेका नोंदीत वेळ, यंत्राची ओळख सांगणारा लांबलचक क्रमांक, कार्यक्रमाचे नाव असा मजकूर ओळीने उतरत जातो. नावे तांत्रिक असली तरी आपलाच तो तास तिथे रोजनाम्यासारखा लिहिलेला दिसतो, आणि दहा लेख वाचून जे पटणार नाही ते त्या दोन मिनिटांत पटते.

अँड्रॉइड फोनवर ‘प्रायव्हसी’खाली ‘परमिशन मॅनेजर’ नावाचे पान असते. कोणत्या कंपनीचा फोन त्यावर जागा थोडी बदलेल, पण सेटिंग्जमधील शोधचौकटीत नाव लिहिले की ते सापडते. तेथे संपर्क, स्थान, मायक्रोफोन, कॅमेरा अशा एकेका गोष्टीपुढे ती कोणकोणत्या ॲपला दिली आहे ते लिहिलेले असते. ह्या पानापुढे बसून मावशीचा प्रश्न प्रत्येक नावाला विचारावा. पंचांगाच्या ॲपचेच पाहा. त्याने स्थान विचारले तर ते अवाजवी नाही, कारण सूर्योदय गावागावाप्रमाणे बदलतो आणि राहुकाळ सूर्योदय-सूर्यास्तावरून काढतात. पण त्यासाठी गाव कळले की पुरे, गल्ली आणि घर कळण्याची जरूर नाही. अँड्रॉइडच्या 12 व्या आवृत्तीपासून अचूक स्थान न देता अंदाजे स्थान देण्याची सोय आहे, आणि गावाचे नाव हाताने लिहिता येत असेल तर तेही देण्याचे कारण उरत नाही. संपर्क यादीची तर तिथीला काहीच गरज नाही. त्या दुपारी आम्ही ती परवानगी काढून घेतली. ॲप पूर्वीइतकेच नीट चालले. परवानगी नाकारून पाहावी, काम अडले तरच फेरविचार करावा, हा क्रम धरला तर बहुतेक ठिकाणी अडत नाही असा माझा अनुभव आहे. ‘ॲड्स’ ह्या पानावर जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक पुसण्याची सोय आहे, ती वापरावी. आयफोनवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘ट्रॅकिंग’ आणि ‘ॲनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स’ ही दोन पाने पाहावीत. मोठे अद्ययावतीकरण झाले की ह्या सगळ्या कळा पुन्हा तपासाव्यात.

संपर्क यादीबद्दल आणखी एक बोलले पाहिजे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मावशीच्या फोनमध्ये दोनशेहून अधिक नावे होती : वाड्यातील शेजारीण, औषधवाला, माहेरची माणसे, कचेरीतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या विधवा पत्नी. मुखत्यारपत्र माणूस स्वतःच्या मिळकतीपुरते लिहून देऊ शकतो. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपली सही चालत नाही. संपर्क यादी देताना आपण नेमके तेच करीत असतो, आणि ज्यांचे नंबर गेले त्यांना त्याची खबरही नसते. घरच्या वापरासाठी ठेवलेल्या यादीबद्दल कायदा आपल्याला जबाबदार धरीत नाही हे खरे, पण ज्या वैद्याच्या फोनमध्ये रुग्ण आहेत, ज्या वकिलाच्या फोनमध्ये अशील आहेत, ज्या शिक्षिकेच्या फोनमध्ये मुलांच्या आईबापांचे क्रमांक आहेत, त्यांनी तरी व्यवसायाचा फोन वेगळा ठेवावा आणि त्यावर कामापुरतीच ॲप्स ठेवावीत.

दुसरी हद्द प्रयोजनाची, आणि ती करारनाम्याच्या शब्दांत शोधावी लागते. हे करारनामे आपण वाचत नाही ह्यात आपला आळस थोडा आणि त्यांची लांबी फार. अमेरिकेतील दोन संशोधिकांनी, मॅक्डोनाल्ड आणि क्रेनर ह्यांनी, 2008 मध्ये हिशेब मांडला होता की एका माणसाने वर्षभरात भेट दिलेल्या संकेतस्थळांची खाजगीपणाविषयीची धोरणे अक्षरशः वाचायची म्हटली तर दोनशेहून अधिक तास लागतील. म्हणून सगळे वाचण्याचा हट्ट न धरता, मुरलेला दस्तलेखक कागद चाळताना जशी ठराविक जागी नजर थांबवतो तशी थांबवावी. ‘यांसह परंतु तेवढ्यापुरतेच मर्यादित नाही’ हे शब्द दिसले की हद्दीचा दगड उपटलेला आहे असे समजावे. ‘सेवा सुधारण्यासाठी’ हे शब्द निरुपद्रवी भासतात, पण सुधारणा ह्या सदरात आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रतिमानांना शिकवणेही बसवता येते, तेव्हा पुढच्या ओळीत ते स्पष्टपणे वगळले आहे का ते पाहावे. ‘सार्वकालिक’, ‘अपरिवर्तनीय’, ‘जगभर लागू’, ‘विनामूल्य’ अशी विशेषणे एकत्र आली तर अधिक सावध व्हावे. अशा परवान्याचा काही भाग खरोखर आवश्यक असतो, हे विसरू नये. आपले छायाचित्र त्यांच्या यंत्रावर साठवून दुसऱ्याला दाखवायचे तर त्याची प्रत काढण्याचा अधिकार त्यांना द्यावाच लागतो. पण प्रत काढून दाखवण्यासाठी ‘सार्वकालिक’ ह्या शब्दाची गरज पडत नाही; खाते बंद झाले की तो अधिकारही संपावा.

हे शब्द वाचकांनी वाचले की बदलतात, ह्याला दाखले आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये झूम ह्या दृक्श्राव्य बैठकांच्या सेवेच्या अटींतील एक कलम लोकांच्या नजरेस आले. ग्राहकांच्या मजकुराचा उपयोग यंत्रशिक्षणासाठी करता येईल असा त्याचा अर्थ निघत होता. गदारोळ झाला, आणि काही दिवसांतच, बैठकांतील ध्वनी, चित्र आणि संभाषण अशा कामासाठी वापरले जाणार नाही असे कंपनीने अटींतच लिहिले. जून 2024 मध्ये चित्रकामाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अडोबी ह्या कंपनीच्या नव्या अटी मान्य केल्याशिवाय चित्रकारांना आपलेच काम उघडता येईना. त्या अटींत ग्राहकांचा मजकूर यंत्राने आणि माणसांकरवीही पाहण्याची तरतूद होती. त्याच महिन्याच्या 18 तारखेला कंपनीने सुधारित अटी प्रसिद्ध करून, ग्राहकांच्या कामावर आपले निर्मितीक्षम प्रतिमान शिकवले जाणार नाही असे स्पष्ट केले. दोन्ही वेळा कंपन्यांचे म्हणणे असे पडले की आमचा हेतू मुळातच तसा नव्हता. ते मी खरे मानतो; पण हेतू आज आहे आणि उद्या व्यवस्थापन बदलेल, कागदावरचा शब्द मात्र तसाच राहील. ज्याला चांगला हेतू आहे त्याला तो अरुंद शब्दांत लिहिण्यात अडचण नसावी.

तिसऱ्या हद्दीपाशी, म्हणजे माहिती कोणाच्या हाती जाते ह्या प्रश्नापाशी, बहुधा असे आश्वासन भेटते की नाव काढून टाकूनच ती पुढे दिली जाते. ह्या आश्वासनावर विसंबू नये. 2006 च्या ऑगस्टमध्ये एओएल ह्या अमेरिकन कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांनी केलेले शोध, नावांऐवजी क्रमांक घालून, संशोधकांसाठी प्रसिद्ध केले, आणि थोड्याच दिवसांत वार्ताहरांनी केवळ शोधांच्या शब्दांवरून एका वृद्ध बाईचे घर गाठले. धावण्या-चालण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हाने लाखोंच्या वाटा एकत्र करून जगाचा नकाशा काढला, त्यात कोणाचेच नाव नव्हते. पण 2018 च्या जानेवारीत असे लक्षात आले की निर्जन प्रदेशांतील लष्करी तळ त्यात उजळून दिसत आहेत, कारण तिथे सकाळी धावणारे फक्त सैनिकच होते. ‘भागीदार’ ह्या शब्दाखाली नावे दिली आहेत का ते पाहावे; नसतील तर विचारावीत.

चौथी हद्द काळाची. मुदत लिहिलेली असली तर उत्तम. ‘आवश्यक असेल तोवर’ एवढेच असेल तर खाते बंद करण्याची आणि माहिती पुसण्याची वाट आधी शोधून ठेवावी, मग नाव नोंदवावे.

आता कायद्याचे पाठबळ. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि 2023 मध्ये संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम संमत केला. त्याच्या 6 व्या कलमात संमती कशी असावी ते सांगितले आहे : मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध. मावशीला मी हे शब्द वाचून दाखवले तेव्हा तिला त्यांत नवे काही वाटले नाही, कारण ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता’ हे वाक्य तिने एकतीस वर्षे दस्तांच्या शेवटी वाचले होते. त्याच कलमाखाली कायद्याने स्वतःच एक दृष्टांत दिला आहे : दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या एका ॲपने उपचारासाठी लागणाऱ्या माहितीबरोबर संपर्क यादीही मागितली आणि बाईने दोन्हींना होकार दिला, तरी संपर्क यादी त्या सेवेस आवश्यक नसल्यामुळे तिची संमती उपचारापुरतीच धरली जाईल. वैद्याच्या जागी पंचांग घातले की मावशीचेच प्रकरण. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीत वा कोंकणीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती काढून घेणेही सोपे असावे, असेही त्यात आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून संमतीसंबंधीच्या मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसारही माहिती गोळा करणाऱ्या कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचे नाव व पत्ता आपल्या संकेतस्थळावर द्यायचा असतो आणि तक्रारीचे निवारण महिन्याच्या आत करायचे असते.

त्या अधिकाऱ्याला पत्र लिहावे. ते लांब नसावे. मावशीने जे पाठवले त्याचा मजकूर इथे देतो, वाचकांनी खुशाल उतरून घ्यावा : “मी अमुक दिवशी आपले ॲप घेतले आणि संपर्क यादी वाचण्याची परवानगी दिली. ती परवानगी मी आज काढून घेत आहे. माझ्या फोनमधून आपणाकडे आलेले सर्व संपर्क पुसून टाकावेत. आपण कोणती माहिती घेतली, कोणत्या कामासाठी घेतली, कोणास दिली आणि किती काळ ठेवणार होता, हे मला लेखी कळवावे.” तारीख घालावी, पाठवल्याची प्रत ठेवावी, आणि परवानगीच्या पानाचे चित्र फोनमध्येच जपून ठेवावे.

बाविसाव्या दिवशी उत्तर आले. दोन ओळींचे होते : आपली विनंती पूर्ण करण्यात आली आहे, संपर्क पुसले आहेत, आमच्या सेवेवर विश्वास ठेवल्याबद्दल आभारी आहोत. मावशीने ते दोनदा वाचले, आपल्या पत्राच्या प्रतीवर ‘कोणास दिली’ ह्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढली, आणि दुसरे पत्र लिहायला मला बसवले.